फ्लेक्सवर कवटी आहे, दवाखान्याचा पत्ता नाही

आपल्या वस्तीत ड्रग्जविरोधी मोहिमेचा फ्लेक्स लागतो, तेव्हा त्यावर एक कवटी असते, एक सिरिंज असते आणि खाली डझनभर कार्यकर्त्यांचे फोटो. सिरिंजचा खरं तर फारसा संबंध नसतो. मुंबई-पुण्यात आज मुलं ज्या पावडरीत अडकली आहेत, ती बहुतेक जण नाकाने ओढतात. फ्लेक्सवर जे हवं ते मात्र सापडत नाही. रात्री दोन वाजता घरातल्या मुलाचं अंग भट्टीसारखं तापलं, छाती धडधडू लागली, तो दाराला कान लावून 'ते आलेत, ते आलेत' म्हणू लागला, तर अम्मी-अब्बांनी नेमकं काय करायचं?

ही पावडर म्हणजे एमडी, मेफेड्रोन. एमडीएमए वेगळं, हे वेगळं. येमेन-सोमालियाकडे लोक खातची पानं चघळतात. त्या पानांमधल्या उत्तेजक द्रव्याचा हा प्रयोगशाळेत तयार झालेला, जास्त घातक भाऊबंद. आपल्याकडे तो एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आला फेब्रुवारी २०१५ मध्ये. आणि तो येतो कुठून? २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळ कारखाना पकडला, २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीत. म्हणजे हा माल आपल्याच राज्यातल्या औद्योगिक शेडमध्ये बनतो. टीव्हीवर काही जण ड्रग्जला एका धर्माचा रंग देतात, आणि त्या भीतीने आपण उलट टोकाला जाऊन 'आमच्या मोहल्ल्यात असं काही नाही' म्हणतो. या दोन्हींच्या मध्ये आजारी पोरगा तसाच पडून राहतो.

एमडीची नशा लवकर उतरते. म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा ओढलं जातं. झोप नाही, जेवण नाही, हे दोन-दोन दिवस चालतं. हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि शरीराचं तापमान एकदमच वाढतं. जबडा आवळला जातो, नाकातून रक्त येतं. जास्त झालं तर झटके येतात, पक्षाघात होऊ शकतो, विशीतल्या मुलाचं हृदय बंद पडू शकतं. त्यात पुडीत नक्की काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

डोक्यावर होणारा परिणाम आपल्याकडे सगळ्यात चुकीचा वाचला जातो. माझ्या एका मित्राच्या धाकट्या भावाला वाटू लागलं की शेजारी त्याच्या खोलीत कॅमेरे लावतात. कानात आवाज येत. घरच्यांनी ठरवलं, असर झालाय. तीन महिने एका आमिलकडे खेटे, ताविज, धुनी, हजारो रुपये. अखेर महापालिका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेलं, तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, 'हा काय ओढतो?' हा प्रश्न तीन महिन्यांत कुणीच विचारला नव्हता. दुआ जरूर करा, पण केसपेपर काढल्यावर.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे मध्यरात्री सर्व्हर कोसळला तर काय करायचं, याचा कागद आधीच तयार असतो, कारण त्या वेळी कुणाचंच डोकं चालत नाही. चूक कुणाची, ते नंतर बघतात. घरातही असा कागद हवा. मुलाला हवेशीर जागी न्या, जाड कपडे काढा, ओल्या फडक्याने अंग पुसा, पंखा लावा. शुद्धीत असेल तर घोटघोट पाणी द्या. चार जणांनी मिळून दाबून धरू नका, बांधू तर मुळीच नका. तापलेलं शरीर झगडत राहिलं की ताप आणखी चढतो आणि जीव जाऊ शकतो. झोपेची गोळी आपल्या मनाने देऊ नका. लिंबू-दूध पाजून हे उतरत नाही. बेशुद्ध झाला तर कुशीवर वळवा. छातीत दुखणं, झटका, खूप ताप, बेभान बडबड यांपैकी काहीही दिसलं की लगेच १०८. डॉक्टरांना खरं सांगा, किती वाजता आणि काय घेतलं ते. एमडीवर ठरलेला उतारा नाही, म्हणून वेळ आणि तुमची माहिती डॉक्टरांसाठी फार मोलाची असते.

इथेच घरचे अडखळतात. 'पोलीस केस झाली तर?' रुग्णालयात एमएलसीची नोंद होऊ शकते, हे खोटं नाही. पण एनडीपीएस कायद्यातच कलम ६४-अ आहे. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. मेफेड्रोनसाठी अल्प प्रमाण म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी. मित्राची पुडी 'फक्त पोचवायला' खिशात ठेवणाऱ्यांनी मात्र दुसरा आकडाही लक्षात ठेवावा. ५० ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर व्यावसायिक प्रमाण धरलं जातं, तिथे किमान शिक्षा १० वर्षं आहे आणि जामीन अतिशय कठीण.

नशा थांबल्यावरचे दिवस घरच्यांना सोपे वाटतात, कारण मुलगा नुसता झोपतो आणि खातो. प्रत्यक्षात याच दिवसांत काळी उदासी येते, आत्महत्येचे विचार येतात. त्याला एकटं ठेवू नका, टोमणे तर नकोतच. व्यसन सोडवणारी ठरलेली गोळी एमडीसाठी नाही. समुपदेशन, नियमित तपासणी, नशेविना गेलेल्या प्रत्येक आठवड्याला लहानसं बक्षीस (ऐकायला पोरकट वाटतं, पण उत्तेजक द्रव्यांच्या बाबतीत सर्वात चांगला पुरावा याच पद्धतीचा आहे) आणि सोबत चालणारं माणूस, हेच उपचार. 'सुधारून देतो' म्हणत कोंडून मारहाण करणारी केंद्रं टाळा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनातून आलेला मानसिक आजारही धरला आहे, आणि रुग्णाला साखळीने बांधायला त्यात बंदी आहे. केंद्रात मानसोपचारतज्ज्ञ येतात का, घरच्यांना भेटू देतात का, एवढं तरी आधी विचारा. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, म्हणजे मारल्याशिवाय हे काम होतं. मुलींसाठी सोय फार कमी आहे, आणि आपल्याकडे त्यांचं नावही कुणी घेत नाही.

आता तुमच्याशी थेट. नाक्यावर झिंगलेल्या पोराचा व्हिडिओ काढून 'नशेडी' म्हणून ग्रुपवर टाकणारे आपल्याच वयाचे असतात. तो व्हिडिओ पाहिल्यावर त्याची अम्मी त्याला दवाखान्यात नेत नाही, घरात लपवते. दारूसाठी पुन्हा पुन्हा शिक्षा झालेल्या एका माणसाला कुणी शाप दिला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शाप देणाऱ्यालाच थांबवलं होतं. हा प्रसंग बयानात क्वचितच ऐकू येतो. हराम आहे, हे ओढणाऱ्यालाही माहीत असतं.

मोहल्ल्यात चंद्यातून मय्यतची गाडी उभी राहते. तशाच चंद्यातून ओपीडीचं रिक्षाभाडं आणि त्या दिवशी बुडालेली मजुरी निघू शकते. प्रत्येक मोहल्ल्यात दोन-तीन जण असे हवेत, ज्यांचा नंबर घराघरात माहीत असेल, जे रात्री फोन उचलतील आणि मुलासोबत रांगेत बसतील. पुढच्या फ्लेक्सवर १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेली-मानसची हेल्पलाइन मोठ्या अक्षरांत छापा, जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीचा वारही. फोटोंसाठी जागा कमी पडली तर पडू द्या.

मुलगा दोन महिन्यांनी पुन्हा घसरेल, बरेच जण घसरतात. तेव्हा 'बघ, सांगितलं नव्हतं' म्हणायचं नाही. पुढच्या ओपीडीच्या दिवशी त्याला घेऊन पुन्हा रांगेत उभं राहायचं, जुना केसपेपर सोबत न्यायचा.