शिक्क्याचं अंगण

बावीस वर्षं बँकेत काढल्यामुळे शिक्का या वस्तूशी माझी चांगली ओळख आहे. शिक्का मारला की कागदाला भारदस्तपणा येतो, यात शंका नाही. पण खात्यात पैसे नसतील तर चेकवर तुम्ही ताजमहालाचा शिक्का मारा, तो परत जायचा तो जातोच. हे आमच्या शाखेतल्या शिपायालाही ठाऊक आहे. बंगल्यांच्या मालकांना मात्र ठाऊक नसावं, असं आमच्या कॉलनीतली अंगणं पाहून वाटतं.

हल्ली अंगणाला साधा कोबा करणं म्हणजे लग्नाला बनियनवर जाण्यासारखं समजतात. ‘स्टॅम्प्ड काँक्रीट’ हवं! म्हणजे काय, तर ओल्या काँक्रीटवर रंगाची पूड भुरभुरवायची, त्यावर रबरी साचे ठेवून ठोकायचे आणि काँक्रीट पक्कं झालं की वरून चकचकीत सीलरचा हात द्यायचा. मग त्याच सिमेंटची कुठे दगडी फरशी होते, कुठे विटा, तर कुठे सागवानी फळ्या. आमच्या गल्लीत एकाच्या दारात अशा फळ्या आहेत. त्यांच्याकडे आलेले एक पाहुणे पाय ठेवायला बिचकले. त्यांना वाटलं, खाली हौद असणार.

माझं म्हणणं सरळ आहे. उघड्यावरच्या, पावसात भिजणाऱ्या अंगणाला साधा कोबाच करावा आणि नक्षीवर जायचे पैसे कोब्याच्या पोटात घालावेत. हे कंजूष माणसाचं म्हणणं आहे असं कुणी म्हणेल. म्हणू दे. आमच्या घरातही तेच मत आहे.

कोब्याच्या पोटात म्हणजे कुठे? पहिलं, खालच्या भरावात. तो पाणी मारून, धुम्मस करून नीट बसवला नाही, तर वरचं काँक्रीट पहिल्या दोन पावसाळ्यांत बसतं, आणि मालक डोक्याला हात लावून बसतो. दुसरं, ढाळात. दर १० फुटांमागे दीड-दोन इंच उतार हवा. तिसरं, सांध्यांत. काँक्रीट उन्हात फुगतं आणि थंडीत आकसतं. तीस फुटांचा पट्टा तीस अंशांनी तापला तर अडीच मिलिमीटरहून जास्त वाढतो. चार इंच जाडीला आठ-दहा फुटांवर एक इंच खोल खाच द्यावी, म्हणजे तडा तिथल्या तिथे, आपण नेमून दिलेल्या जागी जातो. खाच दिली नाही तर तो आपल्या मर्जीने फिरतो आणि हटकून सागवानी फळी आडवी कापतो. आडवी फाटलेली फळी सुतारानेही पाहिलेली नसते.

चौथी आणि सगळ्यांत स्वस्त गोष्ट पाणी. सिमेंट वाळून घट्ट होतं, असा सुशिक्षितांत सार्वत्रिक समज आहे. ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. पाणी आटलं की ते काम अर्ध्यावर थांबतं. आपल्या देशाचा काँक्रीटचा प्रमाणग्रंथ, आयएस ४५६, सांगतो की साध्या पोर्टलंड सिमेंटला निदान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला निदान १० दिवस ओलावा ठेवा. पिशवीवर ‘पीपीसी’ लिहिलेलं असेल तर ते मिश्र सिमेंट. साध्या कोब्यावर मातीची आळी करून पाणी तुंबवून ठेवलं की झालं. खर्च शून्य. पण कंत्राटदाराच्या अल्बममध्ये ना ढाळाचा फोटो असतो, ना दहाव्या दिवशीच्या पाण्याचा. तिथे फक्त शिक्के असतात.

आता जरा हिशेब. मी कॉमर्सचा पदवीधर आहे, त्याचा एवढाच उपयोग. साधा कोबा हा भांडवली खर्च: एकदा केला, विसरला. नक्षीच्या अंगणाचा सीलर मात्र ऊन-पावसाने झिजतो. दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो, नाहीतर रंग विटका पडतो. तुम्हाला आवर्ती ठेव माहीत असेल. हे आवर्ती देणं. त्यात खालचा ड्रेनेजचा पाइप तुंबला आणि अंगण फोडावं लागलं, तर तो रंग पुन्हा जुळत नाही. साध्या कोब्यावर ठिगळ दिसतं, पण गोणपाटावरच्या ठिगळाची कुणाला लाज वाटत नाही. शालूवरच्या ठिगळाची वाटते.

पण पैशाचं सोडा. पैसे मालकाचे आहेत. माझं खरं भांडण त्या चकाकीशी आहे.

आमच्या शेजारी एक आजी आहेत, वय ८१. पूर्वी त्यांच्या अंगणात खराटा ओढून खरखरीत केलेला कोबा होता. भर पावसाळ्यातही त्या पहाटे एकट्या उतरून तुळशीला पाणी घालून यायच्या. पावसाळ्यात तुळशीला पाणी कशाला, हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. मग मुलाने आईच्या पंचाहत्तरीत राहून गेलेली हौस म्हणून अंगण नक्षीचं करून घेतलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दूधवाला त्यावरून फाटकापर्यंत बसूनच गेला. सगळे हसले, तोही हसला. आजी हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या अंगणात उतरल्या नाहीत. आता तुळस कुंडीत, पायरीवर आलीय. आजी दारात उभ्या राहून हात लांब करून पाणी घालतात. वृंदावन अंगणातच आहे. पाहुणे त्याचे फोटो काढतात.

नक्षीवाल्यांची बाजूही ऐकून घेऊ. माझा आर्किटेक्ट भाचा म्हणतो, “मामा, सिमेंट ही मुळातच नक्कल आहे. १८२४ साली जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या इंग्लंडातल्या गवंड्याने पेटंट घेतलं, तेव्हा ते पोर्टलंडच्या दगडासारखं दिसतं म्हणून तर ‘पोर्टलंड सिमेंट’ नाव दिलं!” मुद्दा बिनतोड आहे. पण त्यानंतर दोनशे वर्षांत सिमेंटने स्वतःचं नाव कमावलं, त्याचं काय? ल कॉर्ब्युझिएने चंदीगडला विधानभवन, सचिवालय, उच्च न्यायालय उघड्या काँक्रीटची बांधली, साच्याच्या खुणासुद्धा पुसल्या नाहीत, आणि २०१६ साली तो सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. राज्याच्या विधानसभेला जे चालतं ते आपल्या स्कूटरला चालू नये?

शिवाय मी काही नक्षीचा शत्रू नाही. पडवीत करा, पोर्चच्या छपराखाली करा, जिथे पाऊस पोचत नाही तिथे खुशाल ताजमहाल उमटवा. उघड्यावर करायचीच असेल तर सीलरमध्ये घसरू नये म्हणून बारीक खर मिसळायला लावा, आणि ती मिसळताना समोर उभे राहा. राहता राहिला सौंदर्याचा प्रश्न. अंगणाची नक्षी आपल्याकडे रोज सकाळी चिमटीतून पडते. ती दुसऱ्या दिवशी पुसते, बदलते, आणि तिला सीलर लागत नाही. तिच्यासाठी पाठीमागे साधा करडा कोबा असावा लागतो. छापील विटांवर रांगोळी काढून पाहा. गुजराती साडीवर मराठीत सही केल्यासारखी दिसते.

तेव्हा कंत्राटदार अल्बम घेऊन आला तर त्याला चहा द्या, अल्बम मिटा, आणि त्याने केलेल्या एखाद्या जुन्या अंगणात घेऊन चल म्हणावं. तिथे एक बादली पाणी ओता. पाणी कुठे जातं, किती वेळात जातं ते पाहा. मग त्या ओल्या जागेवरून त्यालाच अनवाणी चालायला सांगा. तो पुढे सरसावला तर काम द्यायला हरकत नाही. तो आधी खिशातला मोबाइल काढून तुमच्या हातात देऊ लागला, तर समजा की खात्यात पैसे नाहीत.