पाटीवर न मावणारा वकील

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले. रत्नागिरीच्या पक्षकाराचा मुंबईचा हेलपाटा वाचला, आंबा घाट चढून उतरले की काम झाले. त्याचे स्वागत झाले ते योग्यच. पण या आनंदात एक गोष्ट राहून गेली. मुंबईत आपला माणूस होता. परळला नाहीतर डोंबिवलीला कुणी मावसभाऊ असायचा आणि 'अमक्याकडे जा, आमच्या सोसायटीचे काम त्यानेच केले' असे सांगायचा. कोल्हापुरात रत्नागिरीकराला असे सांगणारे कितीसे आहेत? मग अपिलासाठी वकील शोधायचा तो मोबाइलवर. तिथे दिसतो काळा कोट, मागे जाडजूड पुस्तकांचे कपाट आणि खाली 'विश्वासार्ह सल्ला' अशी ओळ. दहा वकील पाहिले तरी कपाट तेच.

याचा सगळा दोष वकिलांना देता येणार नाही. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. पाटीसुद्धा माफक आकाराची हवी. आपण पूर्वी न्यायाधीश होतो किंवा अमुक प्रकारच्या दाव्यांत तरबेज आहोत, असे तीवर लिहायचे नाही. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळाला मोकळीक दिली, तीही नाव, पत्ता, सनद, शिक्षण, कामाचे क्षेत्र एवढ्यापुरती. मार्च २०२५ मध्ये रील काढणाऱ्या आणि नट-नट्यांकरवी आपली वाहवा करून घेणाऱ्या वकिलांना कौन्सिलने पुन्हा तंबी दिली. तंबी रास्त होती. अडलेला माणूस जाहिरातीला लवकर भुलतो.

मात्र बंदी आहे ती जाहिरातीला. माणसासारखे बोलायला कोणत्याही नियमाने मनाई केलेली नाही. आमच्याकडचे बरेच वकील ही दोन्ही एकच समजून तोंड मिटून बसतात. वकीलपत्रावर सही झाली की 'बघू', 'तारीख पडली', 'साहेब रजेवर आहेत', यापलीकडे अशिलाच्या कानावर काही पडत नाही. मग तो घरी बसून एकच निष्कर्ष काढतो: आपला वकील समोरच्याला मिळाला. दहांत नऊ वेळा ते खोटे असते, पण ते खोटे आहे हे कळायला त्याच्यापाशी काही साधन नसते.

कोकणातल्या जमिनीचे दावे पाहिले तर हे अधिकच पटते. सातबारावर नावांची ही रांग, निम्मी मंडळी मुंबईत, दोघांचा पत्ता नाही, कलमे एकाने लावलेली आणि वहिवाट दुसऱ्याची. चाकरमानी गावी येतो मे महिन्यात, नेमकी दिवाणी न्यायालयाला सुट्टी असते तेव्हा. न्यायाधीश नाही, पुकारा नाही. भेटतो तो फक्त वकील. अशा वेळी एखादा वकील फाइल उलटीपालटी करतो, फेरफाराचा उतारा दोनदा वाचतो आणि म्हणतो, "काका, दावा आत्ता लावू नका. आधी मोजणी मागवा. आणि चुलतभावाला एकदा फोन करा, तुम्ही नाही केलात तर मी करतो." त्या दिवशीच्या सल्ल्याची फी किती तेही तो तिथेच सांगतो. दाव्याची पुढची फी त्याने स्वतःच्या हाताने घालवलेली असते. पण काकांना तो माणूस कळलेला असतो. गावात आणखी चार घरांत वाटपाचे भांडण शिजत असतेच, आणि काका तिथे त्याचेच नाव सांगणार.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. स्वभाव दाखवायचा म्हणजे तिरकस बोलायचे असे नव्हे. खवट वकील तो खरा वकील, हा समज रत्नागिरीत उगाच माजला आहे. (पु. लं.च्या अंतू बर्व्याचे श्रेय आपण भलत्याच लोकांना देतो.) पक्षकाराला झापणे हाही देखावाच, रीलइतकाच. आणि गोड बोलणारा तर त्याहून घातक, कारण 'शंभर टक्के आपल्याच बाजूने' हे वाक्य तोच उच्चारतो.

आता ई-कोर्ट्सच्या ॲपवर खटल्याचा सीएनआर क्रमांक घातला की पुढची तारीख अशिलाला घरबसल्या दिसते. तेवढ्यासाठी त्याला वकिलाची गरज उरलेली नाही. तारीख का पडली, यात नुकसान कुणाचे आणि आपण पुढे काय करणार, हे मात्र ॲप सांगत नाही. ते सांगायला व्हॉट्सॲपवर चार ओळी पुरतात. त्या कारकुनाने चिकटवलेल्या नकोत, वकिलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या हव्यात. अर्ज लिहिताना आपल्याकडून चूक झाली असेल तर तीही त्यातच यावी. याला कोणी जाहिरात म्हणणार नाही.

आणि पक्षकारांनो, वकील कोल्हापूरचा असो की रत्नागिरीचा, वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी त्याला सरळ विचारा: "मी हरलो तर काय?" उत्तर देताना तो कपाटाकडे बघू लागला, तर फाइल उचला आणि दुसरा वकील गाठा.