जुम्म्याची वेळ लपवता कशाला?

मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. गावाची ती जुनी रीत आहे आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या रीतीच्या आडून चालणाऱ्या गलथानपणाबद्दल.

नात्यातल्या एका तरुण कारखानदाराच्या रेपियर मागाचे इलेक्ट्रॉनिक कार्ड गुरुवारी सकाळी जळाले. माग चिनी बनावटीचा. याने उत्पादकाला मेसेज टाकला संध्याकाळी सहा वाजता. चीनचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे तिथे रात्रीचे साडेआठ. शुक्रवारी सकाळी तिकडून विचारणा आली : कार्डावरचा क्रमांक कळवा, फोटो पाठवा. आमचा पठ्ठ्या सुट्टी म्हणून उशिरा उठला. मग अंघोळ, नमाज, जेवण. चार वाजता उत्तर दिले. तिथे साडेसहा वाजलेले, कचेरीला कुलूप. पुढे त्यांचा शनिवार-रविवार. गुरुवारपासून सोमवारपर्यंत माग उभा, आणि याचा मला फोन : "मामू, हे चिनी लोक असेच. माल विकला की ओळख देत नाहीत."

मी विचारले, "दुपारी त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा काय कळवलेस?"

"नेट गेलं होतं म्हणून लिहिलं. नमाजला होतो हे त्यांना कसं सांगणार?"

मला राग आला तो इथे. ज्या नमाजसाठी गावाचा धंदा बंद ठेवायचा, तिचे नाव घ्यायला लाज वाटते आणि खोटे बोलायला वाटत नाही! हे कसले जुम्म्याचे प्रेम?

काही जण म्हणतील, शुक्रवार हा आपला पवित्र दिवस, त्या दिवशी धंद्याचा विचार कशाला? त्यांनी सूरह जुमुआ अर्थासकट वाचावी. तिथे सांगितले आहे की अजान झाली की खरेदी-विक्री सोडून या, आणि नमाज संपली की पुन्हा पांगा, अल्लाहने दिलेली रोजी शोधा. म्हणजे व्यवहार थांबवायचा तो नमाजपुरता. दिवसभर हातावर हात ठेवून बसा, असे त्यात कुठेही नाही.

मुस्लिम देशांनीही सुट्टीचा वार सोयीनुसार बदलला आहे. तुर्कस्तानने 1924 मध्ये शुक्रवार ठरवला आणि 1935 मध्ये रविवार केला. पाकिस्तानने 1977 मध्ये शुक्रवार आणला, 1997 मध्ये पुन्हा रविवार. सौदी अरेबियात गुरुवार-शुक्रवार सुट्टी होती, ती 2013 पासून शुक्रवार-शनिवार झाली, कारण उरलेल्या जगाशी व्यवहाराचे दिवस कमी पडत होते. संयुक्त अरब अमिरातीत 2022 पासून सरकारी कचेऱ्या शुक्रवारी अर्धा दिवस चालतात आणि सुट्टी शनिवार-रविवारी असते. बांगलादेशात मात्र शुक्रवार-शनिवार. ढाक्याला शुक्रवारी फोन करून कुणी उचलत नाही म्हणून चिडणारा आणि इंडोनेशियातही शुक्रवारी सगळे बंद असेल असे समजणारा, दोघेही सारखेच अडाणी. नमाज सगळीकडे शुक्रवारीच होते. सुट्टी हा माणसांनी केलेला ठराव आहे.

आणि रविवार तरी कुठे आभाळातून पडला? मुंबईच्या गिरणी कामगारांना तो मिळवून द्यायला नारायण मेघाजी लोखंड्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, तेव्हा 1890 मध्ये तो पदरात पडला. चिनी कारखान्यातल्या बाईचा किंवा बुवाचा रविवारही तसाच हक्काचा आहे. वसंतोत्सवाला ती माणसे दूरच्या गावी आईबापांकडे जातात. सरकारी सुट्टी आठवडाभराची असली तरी कारखाने त्याच्या आधी आणि नंतरही कितीतरी दिवस मंदावलेले असतात. हा सण दरवर्षी 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान येतो. 1 ऑक्टोबरपासूनही मोठी सुट्टी असते. त्या सुट्ट्यांच्या बदल्यात काही शनिवार-रविवार कामाचे धरतात, आणि ती यादी आधीच जाहीर होते. ईदच्या आदल्या दिवशी आपला कारागीर थांबेल का? मग त्यांनी सणात आपले कार्ड पाठवावे ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

आपल्या बाजूची गणितेही कुणी करत नाही. दीडची नमाज म्हणजे त्यांचे चार. जेवून येईपर्यंत त्यांचा आठवडा संपतो. म्हणून परदेशी कारखान्याचे काम शुक्रवारी सकाळीच उरकायचे. माग बंद असला तरी मालकाचा फोन बंद नसतो. पैसे पाठवायचे असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आपल्या बँकाही बंद असतात, हे लक्षात ठेवायचे.

आणि पहिल्याच पत्रात लिहायचे : शुक्रवारी एक ते अडीच मी मशिदीत असतो, त्यानंतर उत्तर देईन, तुमच्या सुट्ट्या कळवा. चिनी व्यापाऱ्याला यात नवल नाही. यीवूच्या घाऊक बाजारात जगभरचे मुसलमान खरेदीला येतात आणि तिथली मोठी मशीद शुक्रवारी भरून जाते. नवल वाटते ते दर शुक्रवारी ज्याचे नेट जाते त्याचे. अशा माणसाला उधारीवर माल कोण देईल?

यात भरडला गेला तो त्या मागावरचा मजूर. त्याची मजुरी मीटरवर. कापड निघाले नाही तर हप्त्याला हातात काही पडत नाही. मालकाने त्याला सांगितले, "चीनवाले उत्तर देत नाहीत." त्यानेही ते खरे मानले. हे दुसरे खोटे पहिल्यापेक्षा मोठे, कारण ते ज्याच्या पोटावर पाय दिला त्यालाच सांगितले. नमाजच्या पहिल्या रांगेत बसणाऱ्या आपल्या शेठलोकांनी त्या मजुराचे बुडालेले दिवस मोजावेत, आणि त्याची भरपाई स्वतःच्या खिशातून करावी.