गेटचे कार्ड आणि आपली हजेरी

जुन्या जालन्यातून रोलिंग मिलमध्ये, बियाण्यांच्या कंपन्यांत, वॉचमनच्या ड्युटीवर जाणारे आपले बांधव-भगिनी पुष्कळ आहेत. मस्टरवर सही-अंगठा करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी मागे पडली. गळ्यात कार्ड, गेटवर यंत्र. आता जुने कार्ड जमा करून नवे देणे चालते, तेव्हा या कार्डाच्या पोटात काय असते ते आपण समजून घेऊ.

जुन्या कार्डात तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे आणि एक चिप असते. सेल नसतो, यंत्राजवळ नेले की यंत्राच्याच लहरींवर ते जागे होते आणि आपला नंबर सांगते. या लहरी १२५ किलोहर्ट्‌झच्या. खोड अशी की नंबर कोणीही विचारला तरी ते सांगून टाकते. त्यामुळे स्वस्तातल्या यंत्रावरही त्याची नक्कल होते. नवे कार्ड १३.५६ मेगाहर्ट्‌झवर चालते. ते आणि यंत्र आधी एकमेकांची गुप्त किल्ली तपासतात. त्यातही सगळी सारखी नाहीत. 'मायफेअर क्लासिक' या फार खपलेल्या कार्डाचे कुलूप हॉलंडच्या संशोधकांनी २००८ साली फोडून दाखवले.

सगळ्या गेटांची यंत्रे एका रात्रीत बदलत नाहीत. म्हणून एकाच कार्डात जुने व नवे दोन्ही बसवतात. कोणाला बाहेर थांबावे लागत नाही. मात्र जुने यंत्र एकाही दरवाजावर राहिले तर तेथून नकली कार्डाचा माणूस आत येतो, आणि जाब बहुधा वॉचमनला द्यावा लागतो. आम्हाला हे अन्यायाचे वाटते.

मजूर खाते बाबासाहेबांकडे असताना, १९४६ साली, फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. जादा कामाला दुप्पट दराने मजुरी आहे. पण जादा काम झाले हे दाखवायचे कशाने? गेटवरच्या आत-बाहेरच्या वेळेने! ती नोंद कंपनीच्या कॉम्प्युटरात असते, आपल्या हाती नसते. कार्ड बदलताना जुना नंबर नव्या नंबराशी नीट जोडला नाही तर मधले दिवस गैरहजेरीत जातात.

तेव्हा कार्ड बदलण्याआधी त्यावरचा नंबर वहीत उतरवा. त्या महिन्याच्या रोजच्या वेळा घरी लिहून ठेवा. शाळेत जाणारी मुलगी हे काम आनंदाने करील. पगाराची चिठ्ठी आली की ताडून पाहा. कार्डाचे पैसे कापले असतील तर पावती मागा. फितीसाठी कार्डाला स्वतः भोक पाडू नका, तार तुटली की कार्ड मेले. दोन कार्डे एकत्र धरली तर यंत्र गोंधळते. आणि मित्राचे कार्ड आपण लावू नये, आपले त्याच्याकडे देऊ नये. चोरी झाली तर त्या वेळी आत कोण होते, हे त्याच नोंदीवरून ठरते.