चार सिलिंडर ऐकून पिकअप घेऊ नका



गेल्या आठवड्यात मावसभावासाठी जुनी पिकअप बघायला कराड, पेठ नाका, विटा असा फिरलो. सहा गाड्या बघितल्या. सहाही ठिकाणी पहिलं वाक्य एकच: "दादा, चार सिलिंडर आहे, सील इंजिन, बोट लावायचं काम नाही." एकाला मी किती किलोमीटर झाली ते विचारलं, तर त्यानं परत चार सिलिंडरच सांगितले.

मला ह्या वाक्याचा राग आहे. चार वर्षांपूर्वी हेच ऐकून मी पैसे घातलेत. गाडी कुठल्या कंपनीची आणि विकली कोणी ते लिहीत नाही, त्यानं काही फरक पडत नाही. घेतल्यावर तिसऱ्या महिन्यात आलं भरून वाशीला निघालो. खंबाटकीच्या बोगद्याआधीच्या चढाला काटा लाल पट्ट्यात गेला, मागं पांढऱ्या धुराचा लोट. हेड गॅस्केट गेलं होतं. पहाटे तीनला दुसरी गाडी बोलावून माल बदलला. मार्केटला पोचेपर्यंत लिलाव उरकलेला. मिस्त्रीनं इंजिन खोललं तर आत थर्मोस्टॅटच नाही. हेड आधी दोनदा फेसिंग केलेलं, लायनरला नख अडकेल एवढा कट. आणि धूर दिसू नये म्हणून घट्ट ऑईल ओतलेलं. ७८ हजार गेले, आल्याचं नुकसान वेगळं. चार सिलिंडर होते हे मात्र खरं. चारही खाल्लेले.

आता चार सिलिंडर वाईट असं मी म्हणत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक ठोका पडतो, म्हणून ते मऊ चालतं, मौंटिंगं आणि सांधे कमी हादरतात. बोलेरो पिकअपच्या २५२३ सीसी इंजिनाला कमी फेऱ्यांतच ताकद मिळते, चढाला बोंबलावं लागत नाही. २००५ ला टाटा एस आली ती दोन सिलिंडर, ७०२ सीसीची. तिच्याशी तुलना केली तर मोठं इंजिन ओझ्याखाली जास्त टिकणार, हे कोणीही सांगेल. पण ते टिकतं ते आकारामुळं आणि ओझ्याच्या मानानं ताकद शिल्लक असल्यामुळं. सिलिंडरांच्या आकड्यामुळं नाही. अशोक लेलँडची दोस्त तीन सिलिंडरची आहे. आमच्या गावात एक दोस्त दूध ओढते, अजून इंजिन खोललेलं नाही.

ट्रॅक्टर घेताना आपण इतके भोळे नसतो. स्वराज ७४४ तीन सिलिंडर, जॉन डिअर ५०५० डी तीन सिलिंडर, महिंद्रा ५७५ चार. तीन सिलिंडर आहे म्हणून कोणी स्वराज नाकारल्याचं मी बघितलं नाही. जुना ट्रॅक्टर बघायला गेलो की पहिला प्रश्न, किती तास झाले? दुसरा प्रश्न, कशाला चालवला, नांगराला, रोटरला का उसाच्या ट्रॉलीला? पिकअपजवळ उभं राहिलं की हीच अक्कल आपण घरी ठेवून येतो.

इंजिन झिजतं ते तासांनी, आणि त्या तासांत त्याच्यावर ओझं किती होतं त्यानं. किलोमीटरचा आकडा चाकांचा असतो. हिशोब करून बघा. दुधाची पिकअप वाड्या-वस्त्यांवर थांबत थांबत सरासरी २० च्या वेगानं चालली आणि मीटरवर १ लाख २० हजार किलोमीटर दिसतात. म्हणजे इंजिन ६,००० तास चाललं. दुसरी गाडी साताऱ्याहून हायवेनं पुणे-मुंबई करणारी, सरासरी ४५, मीटरवर २ लाख ४० हजार. तिचे तास ५,३३३. एजंट पहिलीला 'कमी चाललेली' म्हणून जास्त पैसे मागणार आणि आपण ते आनंदानं देणार. वर त्या दुधाच्या गाडीनं रोज पहाटे गार इंजिनावर वीस वेळा बंद-चालू सोसलेलं. लग्नसराईत डीजेला उभ्या उभ्या रात्रभर घुरघुरणाऱ्या गाडीचं तर मीटर हलतच नाही. आणि हे सगळं मीटर खरं आहे असं धरून. मीटर मागं करून देणारी माणसं आपल्याच तालुक्यात आहेत.

त्या थर्मोस्टॅटबद्दल जरा जास्त लिहितो, कारण हा रोग आपल्याकडं घरोघरी आहे. गाडी गरम होते म्हणून तक्रार केली की गावातला मिस्त्री थर्मोस्टॅट काढून हातात देतो. काटा खाली येतो, आपण खूश. रेडिएटर चोंदलाय, वॉटर पंपाची पाती झिजलीत, हे मूळ दुखणं तसंच राहतं. वर हिवाळ्यात इंजिन लागतं तेवढं तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, न जळलेलं डिझेल लायनरवरचं ऑईल धुऊन काढतं. झीज वाढते आणि काटा सांगतो सगळं झकास आहे. मग एखाद्या दिवशी भरल्या गाडीनं चढ आला की हिशोब पुरा होतो. कूलंटच्या जागी बोअरचं खारं पाणी ओतणारे पण आपणच. ड्रिपच्या नळीत जो क्षार बसतो तोच इंजिनाच्या वॉटर जॅकेटमध्ये बसतो, तिथं ॲसिड सोडायला कोणी जात नाही.

सांगलीकरांसाठी वेगळी गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, २०२१ च्या जुलैत परत ५० च्या वर. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून कुठं ना कुठं विकल्या गेल्याच असणार. अशा गाडीला कोणी पाणी न काढता सेल्फ मारला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो, आणि तो लगेच बोलत नाही. त्यामुळं एमएच-१० असो नाहीतर दुसरीकडं नंबर बदलून गेलेली असो, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, मुळाशी गाळाची रेघ राहते. हेडलाइटच्या आत आणि डॅशखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट थर आहे का बघा. जत, आटपाडी, माण भागातल्या गाड्यांना पुराची भीती नाही, तिथं धूळ. एअर फिल्टरचा पाईप काढून आतून बोट फिरवा. बोटाला माती लागली तर ती लायनरपर्यंत पोचलीय.

अजून एक हट्ट ऐकतो, जुनं बीएस-३ तेच खरं इंजिन, नवं सगळं नाजूक. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आलं, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. बीएस-३ गावात दुरुस्त होतं हे मान्य. पण आता ती गाडी आठ वर्षांच्या पुढं गेली, म्हणजे पासिंग दरवर्षी. बीएस-६ ला मात्र वापर बघून हात घालावा. डीपीएफ स्वतःला साफ करायला लांब, तापलेली धाव मागतो. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर तो चोंदत राहतो, साफ करायला जादा डिझेल सोडलं जातं आणि त्यातलं काही ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑईलची पातळी वाढलेली दिसली तर विकणारा म्हणेल "बघा, ऑईल खातच नाही." तिथून निघा.

आता आपल्या स्वतःच्या पापाबद्दल. माझ्या त्या गाडीच्या आरसी बुकात भरलेलं वजन वजा रिकामं वजन केलं तर दीड टनाच्या आतबाहेर येत होतं. त्या रात्री मी अडीच टनाच्या पुढं आलं भरलं होतं. आधीच्या मालकानं असंच केलं असणार, त्याच्या आधीच्यानं पण. भाडं वाचलं म्हणून मिशीला पीळ देणारे आपणच, आणि सहा वर्षांनी तीच गाडी 'शेतकरी वापर, घरगुती' म्हणून विकणारे पण आपणच. नुसत्या एजंटला शिव्या घालून भागत नाही.

मी बघतो ते एवढंच. आदल्या दिवशी फोन करून सांगायचं, मी यायच्या आधी गाडी चालू करायची नाही. पोचल्यावर बोनेटच्या आत हात लावायचा, कोमट लागलं तर काहीतरी लपवायचंय. गार रेडिएटरचं झाकण काढून तेलाचा तवंग बघायचा. चालू करून तापू द्यायची, मग ऑईल भरायचं झाकण काढायचं. तिथून धूर ठोके देत बाहेर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन काम आलं. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. मग निम्मं तरी ओझं टाकून चढाला तिसऱ्या गिअरात न्यायची. रिकाम्या गाडीची ट्रायल म्हणजे उपाशी बैलाची शर्यत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरवरून जुन्या नोंदी निघतात का विचारायचं, तिथलं किलोमीटर आणि मीटरवरचं किलोमीटर जुळवायचं. शंका राहिली तर मिस्त्रीला पैसे देऊन चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्यायचं. एक जरी बाकीच्यांपेक्षा बरंच खाली असेल तर भाव इंजिन कामाचा खर्च वजा करून बोलायचा.

सहापैकी पाच गाड्या ह्यात गळाल्या. तीन ठिकाणी बोनेट आधीच गरम होतं, एकाच्या झाकणातून धूर आला, एकानं ओझं टाकायला नाही म्हणलं. सहावी विट्याची, २ लाख ६० हजार किलोमीटर झालेली, भाजीची, थर्मोस्टॅट जागेवर. मीटर बघून मावसभावाचं तोंड वाकडं झालंय. उद्या सकाळी सहाला परत जातोय, कॉम्प्रेशन मोजायला मिस्त्री बरोबर घेऊन. आकडे काय आले ते इथंच टाकतो.