परदेशांतील बिऱ्हाड आणि रस्त्यावरची खुर्ची

गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं पुष्कळांचा विषय एकच होता. मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठीं अगर नोकरीसाठीं परदेशीं चालली आहे; तिकडे नवें बिऱ्हाड थाटावयाचें आहे; बरोबर काय द्यावें, तिकडे काय घ्यावें आणि स्वस्त पण चांगलें कोठें मिळतें, हें तुम्ही नुकत्याच पाहून आलां आहां तर लिहा, असा या भगिनींचा आग्रह आहे. लिहितें. परंतु आरंभींच कबूल करतें कीं, यांतील बहुतेक गोष्टी मला माझ्या सूनबाईनें शिकविल्या, आणि त्या शिकण्यापूर्वीं मी तिच्यावर चांगलीच रागावलें होतें.

आमचे चिरंजीव व सूनबाई दोन वर्षांपूर्वीं जर्मनींतील ग्योटिंगेन या गांवीं राहावयास गेलीं. गांव फार मोठें नव्हे; वस्ती सुमारें सवालाखाची, पण विद्यापीठामुळें नांव मोठें. आपल्या आजोबांच्या पिढीला तें अपरिचित नव्हतें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत संस्कृत शिकविणारे डॉ. कीलहॉर्न १८८१ सालीं हिंदुस्थान सोडून गेले, ते पुढें येथेंच प्राध्यापक झाले. आणि रामकृष्णपंत भांडारकरांना डॉक्टर ही सन्माननीय पदवी १८८५ मध्यें दिली तीही याच विद्यापीठानें. तेव्हां मुलगा ग्योटिंगेनला जातो, हें मीं शेजारीपाजारीं मोठ्या अभिमानानें सांगितलें होतें. मग एके रविवारीं मोबाइलच्या पडद्यावर त्यानें आपलें नवें घर दाखविलें. खिडकीशीं एक लांकडी खुर्ची होती. चांगली भक्कम, गोल पाठीची. "केवढ्याला घेतलीस रे?" मीं विचारलें. "फुकट, आई. खालीं फुटपाथवर कोणीं तरी ठेवली होती," तो म्हणाला.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. भांडारकरांच्या ग्योटिंगेनमध्यें माझा मुलगा रस्त्यावरची टाकलेली खुर्ची उचलून आणतो! आमच्या घरांत उष्टें, दुसऱ्याचें अंगावरचें, कोणीं टाकलेलें घेण्याची चाल कधींच नव्हती. गरिबी होती तेव्हांही नव्हती. दुसऱ्याच दिवशीं यजमानांकडून पैसे पाठविले आणि निरोप दिला कीं, ती खुर्ची काढून टाका व चांगल्या दुकानांतून नवी घ्या. पैसे पोहोंचल्याचें उत्तर आलें. पण खुर्ची पुढच्या रविवारींही तेथेंच दिसत होती, आणि विचारतांच सूनबाईनें, "आई, तुम्ही याल तेव्हां बोलूं," एवढेंच म्हटलें. त्या "बोलूं" वर मी सहा महिने मनांतल्या मनांत उत्तरें तयार केलीं.

गेल्या सप्टेंबरांत आम्ही दोघें गेलों. बोलणें निघालें तें खुर्चीवरून नव्हे, घरभाड्यावरून. तिकडे भाड्याचें घर म्हणजे पुष्कळदां खरोखरच चार भिंती असतात. स्वयंपाकाचा ओटा नाहीं, कपाटें नाहींत, शेगडी नाहीं. इतकेंच नव्हे, तर छताला दिवासुद्धां नसतो, नुसत्या तारा लोंबत असतात. आधींचा भाडेकरू आपलें स्वयंपाकघर उचकटून घेऊन जातो, किंवा येणाऱ्याला विकत देतो. आमच्या मुलांनीं तेंच केलें. नवखीं, भाषा कच्ची, आणि दोन दिवस पावावर काढलेले. त्या गृहस्थानें सांगितली ती किंमत मुकाट्यानें देऊन टाकली. पुढें महिन्याभरांत कळलें कीं, तसलींच जुनीं स्वयंपाकघरें गांवांत त्याच्या निम्म्यानें मिळतात. दुसरी चूक अनामत रकमेची. तीन महिन्यांच्या निव्वळ भाड्याहून अधिक अनामत घरमालकास मागतां येत नाहीं, आणि तीही भाडेकरूस तीन समान मासिक हप्त्यांनीं देतां येते, असा तेथील कायदा आहे. मुलांना तो ठाऊक नव्हता. घरमालकानेंही सांगितला नाहीं. सगळी रक्कम एकदम गेली. मीं नव्या खुर्चीसाठीं पाठविलेले पैसे त्या महिन्याच्या किराण्याला लागले होते, हें मला तेव्हां समजलें. हें मला आधीं कां सांगितलें नाहीं, असें मीं विचारलें नाहीं. कां सांगितलें नसेल तें कळण्याइतकें माझें वय झालें आहे.

'निव्वळ' या शब्दाकडे वाचकभगिनींनीं लक्ष द्यावें. तिकडे भाड्याला 'थंड' आणि 'ऊन' अशीं विशेषणें लावतात. थंड भाडें नुसत्या जागेचें. ऊन भाड्यांत घर तापविण्याचा, पाण्याचा, कचऱ्याचा वगैरे खर्च धरलेला असतो, आणि घरांतल्या विजेचें बिल बहुधा त्याहूनही निराळें येतें. जाहिरातींतील थंड आंकडा पाहून हरखून जाऊं नये. तसेंच, राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत नगरकचेरींत पत्ता नोंदवावा लागतो व त्याला घरमालकाची लेखी चिठ्ठी लागते. ही नोंद झाली म्हणजे प्राप्तिकराचा क्रमांक टपालानें घरीं येतो. बँकाही पुष्कळदां तिचाच कागद मागतात. म्हणून भांड्याकुंड्यांच्या आधीं ती चिठ्ठी.

आतां बाजार. मी शनिवारीं रात्रीं पोहोंचलें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पिशवी घेऊन दाराशीं उभी राहिलें, तों सूनबाई हंसूं लागली. रविवारीं तेथें दुकानें बंद. रविवारच्या विश्रांतीचें कलम १९१९ सालच्या वायमार राज्यघटनेंत होतें, तें आजच्या घटनेनेंही जसेंच्या तसें ठेवून घेतलें आहे. दुसरी गोष्ट, दुकानांत घासाघीस नाहीं. रोखीनें घेणाऱ्या गिऱ्हाइकाला शेंकडा तीनपेक्षां अधिक सूट देऊं नये असा १९३३ सालचा एक कायदा तेथें थेट २००१ पर्यंत चालू होता, आणि मोसमी सेलही जानेवारी व जुलै यांच्या अखेरीसच भरावेत असा निर्बंध २००४ पर्यंत होता. कायदे गेले, परंतु संवय राहिली. कोटांच्या किंमती अजूनही जानेवारींत, म्हणजे माणूस थंडींत कांकडून झाल्यावरच, उतरतात. पुण्याहून नेलेला 'थंडीचा कोट' नोव्हेंबरच्या वाऱ्यापुढें शालीइतकाच टिकला. तेव्हां मुलाला येथून कोट देऊं नका, कोटाचे पैसे द्या.

घासाघीस नसली तरी गिऱ्हाइकाच्या हातीं एक चांगलें साधन आहे. फळीवरच्या प्रत्येक चिठ्ठीवर वस्तूच्या किंमतीखालीं बारीक अक्षरांत किलोमागें किंवा लिटरमागें दर छापावा लागतो. सूनबाई तोच वाचते. मोठें पाकीट नेहमीं स्वस्त पडतें ही माझी समजूत त्या बारीक अक्षरांनीं दोनतीनदां खोटी ठरविली. किराण्यासाठीं तीं दोघें आल्डीच्या दुकानांत जातात. एसेन गांवीं एका बाईनें १९१३ पासून चालविलेलें लहानसें दुकान तिच्या मुलांनीं वाढविलें, त्यांतून हा पसारा झाला. माल खोक्यांतच मांडलेला, निवड थोडी, नटवेपणा नाहीं. मला हें दुकान आवडलें.

स्वयंपाकाच्या सामानाबद्दल बऱ्याच जणींनीं विचारलें आहे. तेथें कणकेच्या पाकिटांवर ४०५, ५५०, १०५० असे आंकडे असतात. शंभर ग्रॅम पीठ जाळलें असतां मागें किती मिलिग्रॅम राख उरते, त्याचा तो आंकडा; म्हणजे आंकडा लहान तितकें पीठ पांढरें. ४०५ म्हणजे जवळजवळ आपला मैदा. पोळ्यांसाठीं १०५० घ्यावें. तिंबून अर्धा तास झांकून ठेवल्यास पोळी मऊ होते. कठीण गव्हाचा रवा मिळतो, त्याचा उपमा उत्तम. आणि 'क्वार्क' नांवाचा एक दुधाचा प्रकार अर्ध्या किलोच्या डब्यांत मिळतो, तो पाहून मी थक्कच झालें. आपला चक्काच तो! बिनस्निग्धाचा घेऊं नये. मलईचा घ्यावा, रात्रभर फडक्यांत टांगावा, आणि साखर, केशर, वेलदोडा घालून श्रीखंड करावें. दसऱ्याला मीं तें केलें, आणि शेजारच्या दोन बिऱ्हाडीं वाट्या पाठविल्या. तुपाला तेथील लोणी चांगलें. पावकिलोच्या वडींतून जवळजवळ दोनशें ग्रॅम तूप निघतें व त्याला रवाळपणाही येतो. कोथिंबीर मात्र मोठ्या दुकानांत औषधासारखी मिळते. ती तुर्की वाण्याकडे घ्यावी. १९६१ च्या करारानें तुर्कस्थानांतून मजूर बोलाविले गेले, त्यांच्यामागून अशीं दुकानें गांवोगांव झालीं. तेथें कोथिंबिरीची जुडी हातांत मावत नाहीं, आणि मसुराची डाळ व छोले किलोनें मिळतात. तूरडाळ, हिंग व गोडा मसाला यांसाठींच येथून पेटींत जागा ठेवावी. स्टीलच्या भांड्यांसाठीं नव्हे. मीं ती ठेविली होती, त्याबद्दल पुढें सांगेन.

घासाघीस करण्याची माझी हौस जुन्या बाजारांत फिटली. मोकळ्या जागेवर लोक आपापल्या घरचें जुनें सामान मेजांवर मांडून बसतात. तेथें एका आजीबाईजवळ मला बिडाचा एक जड तवा दिसला. तिनें आठ बोटें दाखविलीं, मीं पांच. तिनें तवा उलटा करून त्याचें बूड मला दाखविलें, वाजविला, आणि सात केलीं. मीं पांचच. दोघींना एकमेकींचें अक्षर समजत नव्हतें, तरी संभाषण यथास्थित चाललें होतें. शेवटीं सहाला सौदा झाला, आणि निघतांना तिनें आपण होऊन एक लांकडी उलथनें तव्यावर ठेविलें. घरीं येतांना माझ्या मनांत आलें कीं, हाही दुसऱ्याचा वापरलेलाच कीं! पण लोखंड अग्नीनें शुद्ध होतें, असें मी स्वतःशीं म्हणालें. आपल्या धर्मशास्त्रांत द्रव्यशुद्धीचें प्रकरणच आहे. कोणतें द्रव्य कशानें शुद्ध होतें तें त्यांत सांगितलें आहे. मग लांकडाचें काय, हा प्रश्न खिडकीजवळच्या खुर्चीनें मला विचारला, असें म्हटलें तरी चालेल. मी अजून तिच्यावर बसलें नव्हतें.

त्यानंतर एके सकाळीं मी खिडकींतून पाहत होतें. वरच्या मजल्यावरच्या एक वृद्ध बाई, ज्यांच्याकडे दसऱ्याचें श्रीखंड गेलें होतें, खालीं दारापाशीं एक पुठ्ठ्याचें खोकें ठेवीत होत्या. एकेक कप काढीत, फडक्यानें पुसून पाहत, कागदांत गुंडाळीत आणि पुन्हा ठेवीत. आभाळ भरून आलें होतें म्हणून खोकें त्यांनीं छपराखालीं सरकविलें, वर एक चिठ्ठी चिकटविली आणि वळून वर गेल्या. मीं सूनबाईला विचारलें, चिठ्ठींत काय लिहितात? "त्सू फेरशेंकेन," ती म्हणाली. "भेट द्यावयाचें आहे, असा अर्थ. आपल्या खुर्चीवरही तीच चिठ्ठी होती, आई." मग तिनें मला फरक समजाविला. नगरपालिकेनें उचलून न्यावें म्हणून रस्त्यावर काढलेल्या मोडक्या सामानाचा ढीग निराळा. त्यांतून घेणें पुष्कळ गांवीं नियमाविरुद्ध आहे, आणि हीं मुलें त्याला हात लावीत नाहींत. चिठ्ठीचें खोकें निराळें. टाकणारा माणूस कप पुसून ठेवीत नाहीं, हें मला कोणीं सांगावयास नको होतें; मीं तें डोळ्यांनीं पाहिलें होतें.

म्हणून सगळेंच घ्यावें असें मात्र नाहीं, आणि येथें मी आमच्या चिरंजीवांशीं अजूनही वाद घालतें. गादी, उशी, पादत्राणें जुनीं घेऊं नयेत. लहान मुलाची मोटारींतली खुर्ची व सायकलस्वाराचें शिरस्त्राण कधींच घेऊं नये, कारण तीं एकदां आपटलेलीं असलीं तरी बाहेरून दिसत नाहीं. सायकल जुनी खुशाल घ्यावी. पण विकणाऱ्याजवळ पावती आहे कीं नाहीं तें विचारावें, कारण चोरीच्या सायकली फिरत असतात. मेज, खुर्ची, पुस्तकांची फळी, दिवा, बिडाचीं भांडीं हीं डोळे मिटून नव्हे, पण लाज न बाळगतां घ्यावीं. आणि पहिल्या पंधरवड्यांत गादी, एक पातेलें व एक दिवा यांखेरीज कांहींच घेऊं नये. आमच्या मुलांचे जे पैसे बुडाले, ते सगळे त्या पंधरवड्यांतच बुडाले.

दुपारीं मीं ती खुर्ची ओल्या फडक्यानें पुसली, उन्हांत ठेविली आणि संध्याकाळीं तिच्यावर बसून वाटाणे सोलले. चिरंजीव कामावरून आले, त्यांनीं पाहिलें, आणि कांहीं बोलले नाहींत. तेवढें शहाणपण त्यांना आहे.

डिसेंबरांत निघावयाच्या आदल्या दिवशीं मीं पुण्याहून हौसेनें वाहून नेलेलीं स्टीलचीं भांडीं काढलीं. मुलांजवळ तीं पुरेशीं होतीं. फळीवर जागा नव्हती. चार वाट्या, दोन डबे, एक झारा आणि एक सांडशी, सगळें मीं लख्ख घांसलें, कागदांत गुंडाळलें व खोक्यांत भरलें. सूनबाईनें चिठ्ठी लिहून दिली. खालीं नेऊन मींच ठेविलें. सकाळीं मोटार आली तेव्हां मीं मुद्दाम वांकून पाहिलें. वाट्या गेल्या होत्या, डबे गेले होते, झाराही गेला होता. खोक्यांत एकटी सांडशी उरली होती. हें हत्यार कशाचें, तें कोणालाच उमगलें नसावें. सूनबाईनें ती उचलून पुन्हा घरांत नेली.