एक्केचाळीस किलोमीटरवरचे पाहुणे

परग्रहावरील बुद्धिमान जीव पृथ्वीला भेट देतात का, ही चर्चा रंगते तेव्हा २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून आकाशात सोडलेल्या बलूनची आठवण क्वचितच निघते, आणि हे खरोखर खेदजनक आहे. जयंत नारळीकर प्रमुख संशोधक असलेल्या इस्रोच्या या प्रयोगात पोलादी नळ्या निर्जंतुक आणि निर्वात करून द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवल्या होत्या. ठरलेल्या उंचीवर झडप उघडली की बाहेरची विरळ हवा आत ओढली जाई आणि कडाक्याच्या थंडीने तिथेच गोठून बसे. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरचे हे नमुने हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत तपासले तेव्हा जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. जिवाणूंच्या तीन जाती तर अगदी नव्या निघाल्या, आणि त्यांतल्या एकीला फ्रेड हॉइल यांचे नाव मिळाले. जीवसृष्टीची बीजे अंतराळातून पृथ्वीवर येतात, या बीजप्रसारवादाचे ते खंदे पुरस्कर्ते होते. नव्या जातींना अतिनील किरण नेहमीच्या नातलगांपेक्षा अधिक सोसत होते, तरी त्या अंतराळातूनच आल्या असे इस्रोने म्हटले नाही. हा संयमच या शोधाचे मोठेपण आहे. उडत्या तबकड्यांच्या कथांपाशी तपासता येईल अशी एकही नळी नाही, म्हणून त्या कितीही रंगल्या तरी पुराव्याच्या पंक्तीत बसत नाहीत; विश्वात अन्यत्र बुद्धी असणे मात्र पूर्णपणे संभवनीय आहे, आणि तिचा शोध अशाच चिकाटीने घ्यायला हवा.